चंदीच्या पोत्यांवर उभी राहिलेली छावणी

नोव्हेंबर १८६८. अमेरिकेतल्या कॅन्ससमधील फोर्ट डॉजहून सुमारे ४०० गाड्यांचा तांडा दक्षिणेकडे निघाला. पुढे-मागे सातव्या घोडदळाचे स्वार, सोबत पायदळाच्या पाच कंपन्या. सुमारे १५० किलोमीटर गेल्यावर, वुल्फ क्रीक आणि बीव्हर क्रीक या ओढ्यांच्या संगमावर १८ नोव्हेंबरला तळ पडला. पायदळाने झाडे तोडून ओंडक्यांचा तट उभारला आणि आत रसद रचली. तळाला नावही कामाचेच मिळाले : कॅम्प सप्लाय.

ही जागा तेव्हा ‘इंडियन टेरिटरी’त होती, आज ती ओक्लाहोमाच्या वायव्य कोपऱ्यात आहे. मैदानी जमातींविरुद्धच्या हिवाळी मोहिमेपुरता तळ, एवढाच तिचा हेतू होता. पण त्या मोहिमेचे सगळे गणित याच तटाआड साठवलेल्या धान्यावर बेतलेले होते.

शायेन, अरापाहो, कायोवा, कोमांची या मैदानी जमातींची घोडी कुरणावर पोसली जात. उन्हाळ्यात ती इतकी चपळ, की लष्कराला त्यांचा पाठलाग जमत नसे. हिवाळ्यात गवत बर्फाखाली गेले की तीच घोडी रोडावत, आणि माणसे बायकामुलांसह नदीकाठच्या झाडीत मुक्काम करून राहत. लष्कराची घोडी मात्र चंदीवर जगत. दाणा जवळ असेल तर ती थंडीतही चालू शकत. मोहिमेचा प्रमुख जनरल फिलिप शेरिडनने नेमका हा फरक हेरला होता. दाण्याविना काय होते, हेही त्याच दिवसांत दिसले. मदतीला निघालेले कॅन्ससचे १९ वे स्वयंसेवक घोडदळ हिमवादळात वाट चुकले, दाणावैरण संपली, अनेक घोडी दगावली. ते कॅम्प सप्लायला पोहोचले तोवर मोहीम पुढे गेली होती.

२३ नोव्हेंबरला, फूटभर बर्फातून, सातव्या घोडदळाचा जॉर्ज कस्टर सुमारे ८०० स्वारांसह निघाला. ओसेज जमातीचे वाटाडे बरोबर होते. २७ तारखेच्या पहाटे त्याने वॉशिटा नदीकाठच्या शायेन वस्तीवर हल्ला केला. ही वस्ती ब्लॅक केटलची, म्हणजे तहासाठी सतत धडपडलेल्या प्रमुखाची. १८६४ च्या सँड क्रीक हत्याकांडातून तो वाचला होता, १८६७ च्या मेडिसिन लॉज तहावर त्याने सही केली होती. हल्ल्याच्या आठवडाभर आधी फोर्ट कॉबला जाऊन त्याने तिथल्या कर्नल हेझनकडे आसरा मागितला होता, तो मिळाला नाही. त्या पहाटे तो आणि त्याची पत्नी दोघेही मारले गेले. वस्तीतल्या तरुणांपैकी काही जण कॅन्ससमधल्या वसाहतींवरच्या धाडीत होते, हे खरे. पण त्याची शिक्षा झोपेतल्या बायकामुलांना मिळाली. ५३ बायकामुले कैद झाली आणि ८०० हून अधिक घोडी व खेचरे मारून टाकण्यात आली. मला यातले घोड्यांचे मारणे विशेष महत्त्वाचे वाटते. भर हिवाळ्यात घोडी गेली, की शिकार, स्थलांतर, पळ काढणे सगळेच थांबते. हा त्या लोकांच्या जगण्यावरचाच घाव होता आणि तो समजून-उमजून घातलेला होता.

कस्टर परतला तेव्हा शेरिडनने तळावर त्याची सलामी घेतली. ७ डिसेंबरला फौज पुन्हा दक्षिणेला निघाली.

मोहीम आटोपली, छावणी मात्र उठली नाही. शायेन-अरापाहोंसाठीची सरकारी कचेरी काही काळ इथेच होती, १८७० मध्ये ती डार्लिंग्टनला हलली. कृष्णवर्णीय सैनिकांचे दहावे घोडदळही इथे राहून गेले. १८७८ मध्ये ‘कॅम्प’चा ‘फोर्ट सप्लाय’ झाला आणि १८९४ मध्ये लष्कराने ठाणे सोडले. १९०८ पासून तिथे मनोरुग्णालय चालले.

आज ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीने तिथल्या जुन्या इमारती जपल्या आहेत. वॉशिटाची जागाही राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी त्या भागात गेल्यास फक्त छावणी पाहून परतू नये. दक्षिणेला नदीकाठापर्यंत जावे.