आईचं नाव काय?

मुलांनो, दिवाळीआधीचा बाजार पाहिलाय ना? आमच्या जुन्नरला काय, तिकडे मंचरला काय, किराणा दुकानासमोर पाय ठेवायला जागा नसते. रवा, बेसन, पोहे, खोबरं... आई यादी वाचते, दुकानदार पुड्या बांधतो, आणि तेवढ्यात धाकटा फुगेवाल्यामागे जातो!

दुसरीतला माझा एक विद्यार्थी असाच चुकला. दुकानदाराने त्याला तेलाच्या डब्यावर बसवलं आणि विचारलं, "आईचं नाव काय रे?"

"आई!"

"आणि गाव?"

"आमचं गाव!"

मी शेंगदाणे घ्यायला गेले होते, म्हणून ओळखलं तरी. त्याची आई एस.टी. स्टँडपर्यंत धावून आली होती. पायात एकच चप्पल. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, तर आणखी तिघांची आई नुसती 'आई'च निघाली!

तेव्हा ताई-दादांनो, निघण्याआधी धाकट्यांकडून आईवडिलांचं पूर्ण नाव, गाव, फोन नंबर पाठ करून घ्या. चुकलात तर आहात तिथेच थांबा आणि जवळच्या दुकानदाराला सांगा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फुकट लागणारा नंबरही आहे. आणि पालकहो, धाकट्याला नुसतं "गप उभा राहा" म्हणू नका, काहीतरी काम द्या. गुळाची पुडी धरायला दिली तरी चालेल. घरी पोचेपर्यंत ती जरा हलकी होईल, एवढंच.