जमिनीतलं कागदी घर

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेच्या ईशान्य भागात, अगदी न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या सहलीतही, एक आगंतुक हमखास येतो. सोड्याचा कॅन उघडायचा अवकाश, काळे-पिवळे पट्टे मिरवत तो घिरट्या घालू लागतो. पुष्कळजण त्याला मधमाशी समजतात. प्रत्यक्षात ती असते यलोजॅकेट, आपल्या गांधीलमाशीची नातलग.

मधमाशी तपकिरी, केसाळ. यलोजॅकेट गुळगुळीत, चकचकीत, बारीक कमरेची आणि जेमतेम अर्ध्या इंचाची. उडताना लांब पाय खाली लोंबत असतील, तर ती उघडं पोळं बांधणारी दुसरीच गांधीलमाशी. अस्सल स्थानिक ‘ईस्टर्न यलोजॅकेट’च्या पोटाच्या सुरुवातीला जहाजाच्या नांगरासारखी रुंद काळी खूण असते. युरोपातून आलेल्या ‘जर्मन यलोजॅकेट’ची तीच खूण बाणाच्या टोकासारखी दिसते.

घरावरूनही जात कळते. स्थानिक माशी बहुधा जमिनीत, उंदराच्या सोडलेल्या बिळात राहते. जर्मन माशीला भिंतीतली पोकळी किंवा माळा आवडतो. वसंतात एकटी राणी कुंपणाचं जुनं लाकूड खरवडते, लाळेत कालवून लगदा करते आणि त्याच्या कागदाची मोजकी घरं बांधते. पुढे कामकरी माश्या मातीचे कण बाहेर टाकून बीळ रुंदावतात. पोळ्याचे मजले एकाखाली एक वाढतात, भोवती कागदाची पुटं चढतात. उन्हाळा सरेपर्यंत वस्ती काही हजारांवर जाते.

अळ्यांना त्या सुरवंट आणि माश्या मारून भरवतात. म्हणजे बागेची राखणच करतात. बदल्यात अळ्या त्यांना गोड स्राव देतात. शरदात अळ्या घटल्या की हा खुराक आटतो. मग मोर्चा सोड्याकडे आणि पडलेल्या सफरचंदांकडे वळतो.

कडाक्याची थंडी पडली की बहुतेक वस्ती मरते. फलित झालेल्या नव्या राण्या तेवढ्या आडोशाला तग धरतात. जुनं पोळं सहसा पुन्हा वापरलं जात नाही. त्यामुळे बीळ वाटेत नसेल तर थोडं थांबा. बिळात पेट्रोल तर मुळीच ओतू नका. भिंतीतलं भोकही बुजवू नका, माश्या आतलं प्लास्टर कुरतडून खोलीत उतरतात. ते काम जाणकारांवरच सोपवा. आणि डंखानंतर श्वास लागला, तोंड सुजलं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता ताबडतोब ९११ ला फोन करा.