पाहणीला वाली हवा

2001 च्या एप्रिलमध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या राजस्थान शाखेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, तेव्हा सरकारी गोदामांत धान्य मावत नव्हतं आणि दुष्काळी गावांत चुली थंड होत्या. अन्नाच्या हक्काची लढाई न्यायालयात लढली गेली, हे सगळ्यांना आठवतं. तिची बरीचशी रसद विशी-पंचविशीतल्या मुलामुलींनी पुरवली, हे फारसं कुणी सांगत नाही. 2004 च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांच्या तुकड्या सहा राज्यांतल्या अंगणवाड्या पाहत हिंडल्या. त्यांत महाराष्ट्रही होता. वजनकाटा आहे का, पोरांना शिजवलेलं मिळतं की कोरडं, असले साधे प्रश्न घेऊन ही मंडळी दारोदार गेली. 2006 च्या डिसेंबरात न्यायालयाने देशात किमान 14 लाख अंगणवाड्या उघडण्याचा आदेश दिला. त्यामागे एकटी ही पाहणी नव्हती, पण तिच्यातलं चित्र न्यायालयाने या खटल्यात नेमलेल्या आयुक्तांच्या हाताशी होतं. 2011 मध्ये अशाच तरुणांनी नऊ राज्यांत रेशनची पाहणी केली. गरीब कुटुंबांच्या पदरात त्यांच्या हक्काच्या धान्यापैकी 84 ते 88 टक्के पडतं, असं त्यातून निघालं. रेशन मोडीत काढून रोकड वाटायला निघालेल्या दिल्लीकर पंडितांच्या घशाखाली ते सहजी उतरलं नाही. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आला तो या वादातून तावूनसुलाखून.

या पोरांना कुणी फेलो म्हणत नव्हतं. तो शब्द सरकारदरबारी रुळला तो नंतर. 2012 मध्ये पंतप्रधान ग्रामविकास फेलोंची पहिली तुकडी नक्षलग्रस्त जिल्ह्यांत रुजू झाली. आपल्याकडे गडचिरोली आणि गोंदिया त्यात होते, आणि प्रशिक्षणाची जबाबदारी टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होती. 2015 मध्ये राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली. हुशार, तयारीची मुलं आली, यात वाद नाही. फरक पडला तो बांधणीत. आधीच्या पाहणीचा कागद आयुक्तांकडे जायचा, तिथून न्यायालयात; राज्य सरकारला त्याला उत्तर देणं भाग होतं. फेलोचा कागद जातो साहेबांकडे. साहेब चांगले असतील तर काम झपाट्याने होतं, रखडलेली मजुरी निघते, बंद पडलेलं बाल उपचार केंद्र चालू होतं. साहेबांची बदली झाली की ती फाइल कपाटात, आणि वर्ष संपलं की फेलो पुढच्या शिक्षणाला.

एक उदाहरण घेऊ. दंडाचा घेर मोजायची पट्टी सहा महिन्यांपुढच्या बाळाच्या दंडाला लावली आणि आकडा साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला, तर ते मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम. मोजायला मिनिटही लागत नाही. पण सॅमची मुलं वाढली की वरून खुलासा मागितला जातो, म्हणून वहीत ती वाढत नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने उंची आणि वजन धरून महाराष्ट्रातली 10.9 टक्के मुलं तीव्र लुकडी ठरवली. अंगणवाडीच्या नोंदीतला आकडा याच्या पासंगालाही पुरत नाही. ही तफावत पकडायला बाहेरचा, न दबणारा माणूस लागतो, आणि फेलो नेमका तसा असतो. पण खुलासा ज्या कार्यालयातून मागितला जातो, त्याच कार्यालयाला त्याने ही तफावत कळवायची. मग तो अहवाल बाहेर यावा कसा? घरपोच आहाराचं उलट घडलं. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, असं न्यायालयाने 2004 मध्येच बजावलं होतं. तरी महिला मंडळांच्या नावाआड तेच ठेकेदार महाराष्ट्रात पाकिटं पुरवत असल्याचं आयुक्तांच्या 2012 च्या अहवालाने उघड केलं, आणि 2019 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने राज्याची 2016 ची निविदा रद्द केली. सात वर्षं गेली खरी, पण कागद जिवंत राहिला.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मूठभर शहरी पोरांनी वर्षभरात कुपोषण हटत असतं का? हटत नाही. राज्यात पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण 2005-06 मध्ये 46.3 टक्के होतं, ते 2015-16 मध्ये 34.4 वर आलं. मोठी घट झाली ती मुख्यमंत्री फेलोशिप रांगू लागण्याआधीच. कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन, आशा आणि सेविकांचं जाळं आणि सुधारलेलं रेशन यांच्याकडे श्रेयाचा मोठा वाटा जातो. पुढच्या पाहणीत आकडा 35.2, म्हणजे जागच्या जागी. पण फेलोकडून कुपोषण हटवण्याची अपेक्षा करणंच चूक आहे. त्याने खरं काय ते सांगावं, इतकंच पुरे. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि मला तो मान्यही आहे. 2023 मध्ये फेलोला प्रवासखर्चासह महिना 75,000 रुपये ठरले. त्याच वर्षी संपावर गेलेल्या अंगणवाडी सेविकेचं मानधन 8,325 वरून 10,000 झालं. वीस-वीस वर्षं गाव सांभाळणारी बाई आणि वर्षभराचा पाहुणा यांच्यातली ही दरी कोणत्याही युक्तिवादाने बुजत नाही. तिच्यावर उतारा मात्र फेलोशिप बंद करणं हा नव्हे. 2019 मध्ये सरकार बदललं आणि पुढे राज्याची योजना गुंडाळली गेली, 2023 मध्ये ती परत आली. मधल्या काळात ती बंद राहिली म्हणून सेविकेच्या मानधनात एक रुपयाची भर पडल्याचं दिसलं नाही. केंद्राची योजना तर दोन तुकड्यांनंतर मागेच पडली.

मुख्यमंत्री कोण, यावर योजना जगावी किंवा मरावी, ही या प्रकाराची खरी कमजोरी आहे. महाराष्ट्राने रोजगार हमी 1977 मध्ये कायद्यात बसवली, म्हणून ती सरकारं बदलूनही टिकली आणि पुढे देशभर गेली. फेलोशिपसाठी इतकं करायचीही गरज नाही. पुढच्या तुकडीच्या शासन निर्णयात दोनच अटी घालाव्यात: आहार, रेशन आणि मजुरीवरचा प्रत्येक फेलोचा अहवाल वर्षअखेर अन्नसुरक्षा कायद्याखालच्या राज्य अन्न आयोगाकडे जाईल, आणि तो जसाच्या तसा मराठीत जाहीर होईल.