सिमेंटचा पत्रा आणि ती पांढरी धूळ

मागच्या मे महिन्यात मी मामाच्या गावी होतो. पावसाआधीची डागडुजी चालू होती. मामा सिमेंटच्या पत्र्याला ड्रिलने भोकं पाडत होता, मामी खाली पडलेली पांढरी धूळ केरसुणीने झाडत होती आणि मी शिडी धरून उभा. तोंडाला कुणीच काही बांधलं नव्हतं. आजचा भाग त्या धुळीबद्दल.

आपण ज्याला 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो, त्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं. हे एक खनिज आहे. त्याचे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. श्वासाबरोबर आत गेले की काही फुप्फुसात रुतून बसतात. त्यातून फुप्फुस कडक होतं, कर्करोगही होऊ शकतो. आजार दिसायला अनेकदा 20 ते 40 वर्षं जातात. म्हणून 'आम्हाला कुठे काय झालं?' या बोलण्यावर जाऊ नका. 60 हून जास्त देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडे असे पत्रे अजून मिळतात.

मग घर सोडायचं का? नाही. धड पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. कापलं, घासलं, फोडलं की ते हवेत उडतात. नुसतं बघून ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही. त्यामुळे जुना पत्रा असेल तर आहेच असं धरून चाला.

लक्षात ठेवा:

• ड्रिल, ग्राइंडर नको. शेवाळ तारेच्या ब्रशने घासू नका.
• तुकडे पडलेच तर आधी पाणी शिंपडा, मग ओल्या फडक्याने पुसा. कोरडा झाडू नको.
• पत्रा बदलताना नटबोल्ट सोडवून अख्खा उतरवा, वरून फेकू नका. हे काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या. कापडी मास्क किंवा रुमालाने हे तंतू अडत नाहीत.
• जुन्या पत्र्यावर पाय देऊ नका. तो ठिसूळ होतो, माणूस थेट खाली येतो.
• तुकडे भरावात टाकू नका. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि कुठे द्यायचे ते पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा.

एकदा धूळ नाकात गेली म्हणून घाबरून जाऊ नका. जितकी जास्त धूळ, जितक्या जास्त वेळा, तितका धोका वाढतो. त्यात सिगारेट असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता आणखी वाढते.

मामाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अरे, तीस वर्षं हेच करतोय."

मी म्हटलं, "मामा, म्हणूनच सांगतोय."

तुमच्या घरी शिडी लागण्याआधी हा भाग घरच्यांना ऐकवा. भेटूया पुढच्या भागात!