ब्लॉक मागणारा डॉक्टर

जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं येणार, ही २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पातली घोषणा एव्हाना सर्वांना ठाऊक आहे. तीन वर्षांत सगळे जिल्हे, त्यातली २०० केंद्रं पहिल्याच वर्षी. केमोसाठी दर तीन आठवड्यांनी नंदुरबारहून किंवा गडचिरोलीहून मोठ्या शहराची वाट धरणाऱ्या घराला याचं मोल सांगायला नको. पण उपचाराची दिशा केमोच्या कितीतरी आधी ठरते. गाठ हाताला लागल्यावरच्या पहिल्या आठ-पंधरा दिवसांत ती ठरते आणि बरेचदा ओळखीतल्या सर्जनच्या टेबलावर ठरते.

‘गाठ छोटी आहे, काढून टाकू, मग बघू’ हे ऐकून घरच्यांना धीर येतो. नेमकं तिथेच थांबायला हवं. स्तनातली गाठ आधी तुकडा न तपासता काढली, तर कडेला आजार उरला का याची खात्री राहत नाही. अनेकींना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते आणि आधी केमो देऊन, गाठ लहान करून स्तन वाचवण्याची संधी हातची जाते. अंगावरून जातं म्हणून गर्भपिशवी काढली आणि मागाहून रिपोर्टमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला, तर ती साधी शस्त्रक्रिया बहुधा पुरत नाही, बरेचदा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागतो. ‘चाकू लागला की पसरतो’ या भीतीने माणसं सुईने तुकडा द्यायला नकार देतात आणि अख्खी गाठ कापायला होकार देतात. स्तनाच्या गाठीतून सुईने तुकडा घेतल्याने आजार पसरत नाही, हे समोर बसवून सांगायला ज्या डॉक्टरला वेळ नाही, त्याच्या हाती पुढची वर्षं सोपवू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

डॉक्टर निवडताना ज्याची चौकशी कुणीच करत नाही, असा एक माणूस या साऱ्यात आहे. तो म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. काढलेला तुकडा लगेच फॉर्मेलिनमध्ये पडला पाहिजे. तो सलाइनमध्ये राहिला किंवा बाटली दुपारभर कोपऱ्यात पडली, तर पेशी खराब होतात आणि स्तनाच्या कॅन्सरमधल्या ईआर, पीआर, हर-टू या चाचण्यांचा निकाल चुकू शकतो. ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा कॅन्सर असलेल्या बाईला पाच ते दहा वर्षं गोळी देऊन आजार परतण्याचा धोका कमी करता येतो. निकाल चुकून निगेटिव्ह आला, तर ती गोळी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. लॅबमध्ये तुकडा मेणात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याच्या केसाहून पातळ चकत्या काचेवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आपल्या हातात पडणारा रिपोर्ट म्हणजे त्या काचेबद्दल एका जाणकाराने दिलेलं मत. लिम्फोमा किंवा सार्कोमासारख्या आजारांत दोन जाणकारांची मतं वेगळी पडू शकतात आणि मग उपचारही बदलतात. लॅब काचा आणि ब्लॉक जपून ठेवते, मागितल्यावर सही घेऊन देते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरून आलेल्या रुग्णांच्या काचा-ब्लॉक पुन्हा तपासतात, ते याचसाठी. म्हणून तज्ज्ञ निवडताना माझी पहिली कसोटी हीच. नुसता रिपोर्ट वाचून ऑपरेशनची तारीख देणाऱ्यापेक्षा ‘ब्लॉक घेऊन या’ म्हणणारा डॉक्टर मला अधिक भरवशाचा वाटतो.

पदव्या जरूर वाचाव्यात. शस्त्रक्रियेसाठी एमसीएच, औषधोपचारासाठी डीएम, दोन्ही एमएस किंवा एमडीनंतर तीन वर्षांच्या. शेकासाठी रेडिएशनमधली एमडी. डीएनबीची वाटही तितकीच पक्की. पाटीवर नुसतंच ‘कॅन्सरतज्ज्ञ’ असेल तर यातल्या कशातले, हे विचारायला लाजू नये.

सर्जनला नेमकं काय करायचं ते ठाऊक असण्याने किती फरक पडतो, याचा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि मानेत गाठी हाताला लागत नसतील, तरी त्या काढायच्या का, यावर जगभर वाद होता. टाटा स्मारकमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवर चाचणी करून २०१५मध्ये उत्तर दिलं. मानेची शस्त्रक्रिया त्याच वेळी केलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. शंभरामागे बारा जीव, आणि त्यासाठी ना नवं औषध लागलं ना परदेशी यंत्र. तेव्हा जिभेच्या जखमेसाठी सर्जनकडे जाल, तेव्हा ‘मानेचं काय करणार?’ हे विचाराच.

मात्र एकटा सर्जन कितीही निष्णात असला तरी त्याला आधी शस्त्रक्रियाच सुचणार. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेने आवाज जाऊ शकतो. अनेक रुग्णांत शेक आणि केमोने तो वाचवता येतो. हे रुग्णाला कळायचं तर तिन्ही शाखांचे डॉक्टर एका टेबलाशी बसले पाहिजेत. त्या बैठकीला टूमर बोर्ड म्हणतात. ‘माझी केस बोर्डात ठेवली का, आणि काय ठरलं ते फाइलमध्ये लिहाल का?’ एवढंच विचारा. यावर चिडणारा डॉक्टर बदलावा.

त्यासाठी मुंबईच गाठायला हवी असं नाही. बार्शीचं नर्गिस दत्त, नागपूरचं तुकडोजी, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. २०१२मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज देशभरातली तीनशेहून अधिक केंद्रं आहेत आणि उपचारांची एकसारखी मार्गदर्शक सूत्रं त्यांच्यासाठी तयार आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय बसतं का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं, कारण अर्ध्यावर पैसे संपून उपचार सुटणं फार घातक.

‘परवाच ऑपरेशन करू, नाहीतर उशीर होईल’ हा दबावही ओळखायला हवा. रक्ताचा तीव्र कॅन्सर किंवा मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडणं, अशा प्रसंगी खरंच तासांचा हिशेब असतो. बहुतेक घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये मात्र दुसरं मत घेण्यात गेलेल्या आठ-दहा दिवसांनी नुकसान होत नाही.

आता सरकारकडे मागणं आहे. डे-केअर केंद्रात खुर्च्या आणि सलाइनचे स्टँड येतीलच. त्यासोबत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सुईने तुकडा घेऊ शकणारा डॉक्टर, फॉर्मेलिनची भरलेली बाटली, ब्लॉक मोठ्या केंद्राकडे पाठवण्याची सोय आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओवरून भरणारा टूमर बोर्ड हवा. यांच्यावाचून केमोची औषधं चुकीच्या माणसाच्या शिरेत जाण्याचा धोका आहे.