कॉलेजातला ताळेबंद

कंपन्या कशा चालतात, त्यांच्याकडे पैसा कुठून येतो आणि कुठे अडकतो, याची ठरावीक दिवशी जमून चर्चा करणारा विद्यार्थ्यांचा गट म्हणजे उद्योजकता मंडळ. कॉलेजांत त्याला बहुधा ‘ई-सेल’ म्हणतात. मंडळात साधारण तीन कामे चालतात. एखादी कंपनी निवडून तिचा अभ्यास करणे, स्वतःच्या धंद्याच्या कल्पना इतरांपुढे मांडून त्या तावून सुलाखून घेणे आणि प्रत्यक्ष काहीतरी विकून पाहणे. तिसऱ्या कामाला बहुतेक ठिकाणी बगल दिली जाते. स्नेहसंमेलनातल्या खाद्यपदार्थांच्या स्टॉलवरच ते भागते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९१९ मध्ये ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ ही संस्था निघाली. शाळकरी मुलांनी छोटी कंपनी काढायची, तिचे भाग विकायचे, वस्तू बनवून बाजारात न्यायची आणि शेवटी हिशेब देऊन कंपनी गुंडाळायची, ही तिची पद्धत होती. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेने त्याच सुमारास एकेका कंपनीची हकीकत वर्गात चर्चेला ठेवून शिकवायला सुरुवात केली. भारतात आयआयटी मुंबईची ई-सेल १९९८ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिच्या स्पर्धांमुळे लहान शहरांतल्या अभियांत्रिकी कॉलेजांपर्यंत हे लोण पोचले. २०१६ च्या ‘स्टार्टअप इंडिया’ योजनेनंतर आणि २०१८ पासून केंद्रीय शिक्षण खात्याने कॉलेजांत नवोपक्रम परिषदा स्थापायला लावल्यानंतर अशी मंडळे जवळपास सक्तीचीच झाली. सक्तीच्या कामाचे जे होते तेच काही ठिकाणी यांचेही झाले: फोटो, अहवाल, प्रमाणपत्र.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या मंडळांना लागणारी कॉलेजे भरपूर आहेत. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय धोंडूमामा साठे यांच्या प्रयत्नांतून १९४७ मध्ये सुरू झाले, तर साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय आणि राजारामनगरची राजारामबापू तंत्रशिक्षण संस्था या दोन्ही १९८३ च्या. यांखेरीज रयत शिक्षण संस्थेची कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालये गावोगावी आहेत. अडचण वेगळीच आहे. चर्चेला घेतल्या जाणाऱ्या कंपन्या बहुधा बंगळूरच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या असतात. त्यांची माहिती इंटरनेटवर मिळते, पण त्यांच्या कारखान्याचे दार ठोठावता येत नाही. कृष्णाकाठी मात्र एका एसटीच्या तिकिटात पोचता येतील अशा कंपन्यांची शंभर वर्षांची ओळ उभी आहे, आणि त्यातल्या काही बुडालेल्या आहेत. अभ्यासाला बुडालेली कंपनी जास्त उपयोगी पडते.

पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी हे या ओळीतले पहिले उदाहरण. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखू येत नसल्याने यांत्रिक रेखाटनाकडे वळले. मुंबईत शिक्षकाची नोकरी केली, ती सोडून बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला घेतला. नांगर चांगला होता, पण सुरुवातीची सुमारे दोन वर्षे तो जवळजवळ खपलाच नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. व्यवसायाच्या पुस्तकांत ‘ग्राहकाची गरज ओळखा’ असे सरसकट लिहिलेले असते. इथे गरज होती, मालही होता, मध्ये आडवा आला तो विश्वास. नांगर शेतात चालवून दाखवला, शेजाऱ्याच्या रानातला फरक दिसला, तेव्हा विक्री सुटली. मंडळाने या प्रसंगावर दोन बैठका घालवल्या तरी वेळ वाया जाणार नाही.

पुढची अडचण जागेची. बेळगावात कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ आणि कर्जाऊ भांडवल दिले. १९१० मध्ये पंचवीसेक कामगारांची बिऱ्हाडे तिथे आली. पडीक माळाचा एकच मोठा गुण होता, तो म्हणजे लगतची रेल्वे. कच्चे लोखंड आत आणायचे आणि नांगर बाहेर पाठवायचे, तर भाड्याचा हिशेब जमिनीच्या भावापेक्षा महत्त्वाचा ठरतो. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे, पंप अशी उत्पादने वाढत गेली. १९२० मध्ये भागीदारीची ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ झाली आणि त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक काढले. गिऱ्हाइकांशी संपर्क राहावा म्हणून निघालेले ते पत्रक पुढे मराठीतले नामवंत मासिक झाले. जाहिरातीसाठी काढलेल्या कागदाला स्वतःचे वाचक मिळावेत, हे आजच्या कुठल्याही कंपनीला क्वचितच साधते.

याच नांगरांच्या विक्रीसाठी हिंडलेला एक माणूस सातारा जिल्ह्याच्या शिक्षणाच्या इतिहासात अग्रभागी आहे. भाऊराव पाटील काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना राबवली. शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्याने स्वतःच्या श्रमातून भागवायचा, हे तत्त्व उद्योजकतेच्या कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा जुने आहे. मात्र त्यात एक उणीव राहते. विद्यार्थी शेतात, बागेत वा ग्रंथालयात काम करून मोबदला मिळवतो, पण काय पिकवायचे, कुठे विकायचे, भाव काय धरायचा, याचे निर्णय त्याच्याकडे नसतात. मंडळ आणि ही योजना एकमेकांशी जोडली, तर ते निर्णय विद्यार्थ्यांकडे येऊ शकतात.

कराडजवळच्या ओगलेवाडीची गोष्ट उलट टोकाची. ओगले बंधूंचा काच कारखाना १९१६ चा. तिथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला होता. काचेची चिमणी, पत्र्याची टाकी, वात, सगळे एकाच ठिकाणी. गावोगाव वीज येऊ लागली तशी कंदिलाची मागणी आटली आणि कारखाना पुढे बंद पडला. रेल्वेस्थानकाच्या परिसराला कारखान्याचे नाव राहिले. विद्यार्थ्यांना इथे विचारण्याजोगा प्रश्न असा: वीज येणार हे ठाऊक असताना काचेचे ज्ञान असलेला कारखाना दुसऱ्या कुठल्या मालाकडे वळू शकला असता? किर्लोस्करांनी नांगरावरून पंपाकडे जाताना ओतकाम तेच ठेवले होते, फक्त साचे बदलले.

खाद्यपदार्थांच्या धंद्यात चितळे आणि मॅप्रो ही दोन नावे पुढे येतात. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये भिलवडीला दुधाचा व्यवसाय मांडला. कृष्णेचे पाणी, वैरण आणि रेल्वे या तिन्ही गोष्टी तिथे होत्या. पुढच्या पिढीने पुण्यात १९५० मध्ये मिठाईचे दुकान काढले. दूध नासते, चक्का जरा टिकतो, बाकरवडी आठवडे टिकते. जितका टिकाऊ माल तितका लांबचा बाजार, हे कोष्टक या एका घराण्याच्या वाटचालीतून मांडता येते. पाचगणीच्या मॅप्रोचे मूळही १९५९ मधल्या अशाच एका नडीत आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तोडल्यावर फार दिवस राहत नाही, म्हणून जॅम आणि सरबत. त्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सांगलीची हळद हा मात्र बाजाराचा अख्खा अभ्यासक्रम आहे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. खोल खणलेल्या पेवात हवा खेळत नाही, त्यामुळे कीड लागत नाही आणि माल काही वर्षे राहतो. धंद्याच्या दृष्टीने पुढचा भाग जास्त रंजक आहे. पेवातला माल जागचा न हलवता त्याच्या पावतीचाच सौदा होई. माल जमिनीखाली, मालकी बाजारात फिरती. आजच्या गोदाम पावतीचे आणि वायदे बाजाराचे तत्त्व हेच आहे, आणि सांगलीत हळदीचे वायदे संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत होते. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, मोठे नुकसान झाले आणि साठवण गोदामांकडे व शीतगृहांकडे सरकली. एकाच जागी, एकाच नदीच्या काठी सगळा साठा ठेवण्यात जोखीम किती, हे त्या पुराने दाखवले. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले, पण मानांकन म्हणजे भाव नव्हे. नावाची राखण कोण करणार आणि बाहेरून आलेली हळद सांगलीची म्हणून विकली गेली तर तक्रार कोण करणार, हे ठरल्याखेरीज त्या कागदाचा शेतकऱ्याला फारसा उपयोग नाही.

तासगावच्या बेदाण्याचा हिशेब कागद-पेन्सिलीने करता येतो. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा होतो. समजा द्राक्षाला तीस रुपये किलो भाव आहे, तर बेदाण्याच्या किलोमागे एकशेवीस रुपयांची द्राक्षे आधीच खर्ची पडली. त्यावर मजुरी, रसायन, शेडचे भाडे, शीतगृह आणि अडत. आता बेदाण्याला किती भाव मिळाला तर द्राक्षे तशीच विकण्यापेक्षा परवडेल, हे काढायचे. ताळेबंद वाचायला शिकवण्याआधी हे गणित शिकवावे, कारण यात शेतकऱ्याच्या घरच्या मुलालाच वर्गातल्या इतरांपेक्षा जास्त कळते.

बँकांचा अभ्यास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. सांगली बँक १९१६ ची, युनायटेड वेस्टर्न बँक साताऱ्यातली, १९३६ ची. दोन्ही खासगी, दोन्ही स्थानिकांच्या विश्वासावर वाढलेल्या. बँकेच्या कर्जांत धोका जितका जास्त, तितके स्वतःचे भांडवल जास्त असावे लागते. थकीत कर्जे वाढली की तेच भांडवल झिजते. सप्टेंबर २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्नच्या व्यवहारांवर स्थगिती आली आणि ही बँक आयडीबीआय बँकेत विलीन झाली. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली. ठेवीदारांचे पैसे वाचले, पण कर्जाचा निर्णय गावात घेणारी माणसे गेली. याची किंमत कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

साखर कारखान्यांमुळे या भागात ‘कंपनी’ आणि ‘सहकार’ यांतला फरकही चर्चेला यावा लागतो. कंपनीत साधारणपणे जितके भाग तितकी मते, सहकारी संस्थेत सभासदाला एकच मत, मग त्याचे भाग कितीही असोत. यामुळे सहकारी कारखान्यात कुणा एकाला भाग विकत घेऊन ताबा मिळवता येत नाही, पण बाहेरून नवे भांडवल आणणेही अवघड जाते. मग कर्ज, सरकारी हमी आणि राजकारण यांच्यावरचे अवलंबन वाढते. विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यातल्या गलाई व्यावसायिकांचे तिसरेच प्रारूप आहे. दुष्काळी गावांतून बाहेर पडून देशभरच्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याचा धंदा त्यांनी जम बसवून चालवला, तोही कंपनी न काढता, नातलगांच्या आणि गावकऱ्यांच्या ओळखीवर. नवखा पोरगा आधी कुणाच्या तरी भट्टीवर राबतो, मग स्वतःची टाकतो.

अशा बैठकीची शिस्त साधी असते. एक कंपनी, एक प्रश्न, दोन बाजू. नोंदणीकृत कंपनीची कागदपत्रे कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून पाहता येतात. शेअर बाजारात असलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. किर्लोस्कर ब्रदर्स बाजारात आहे, तेव्हा किर्लोस्करवाडीला भेट द्यायच्या आधी तिचा अहवाल वाचून जाता येते. अहवालात नफ्याच्या ओळीपेक्षा रोखीचे पत्रक आधी उघडावे. माल विकला, नफा दिसला, पण वसुली झाली नाही, असे धंदे दोन्ही जिल्ह्यांच्या औद्योगिक वसाहतींत हवे तेवढे सापडतील. भेटीत मालकाला ‘यशाचे रहस्य काय’ विचारू नये. उधारी किती दिवसांची, कच्चा माल कुणाकडून, विजेचे बिल किती, हे विचारले की तासभर चांगला जातो.

स्वतःचा धंदा काढायचा तर पहिला प्रश्न स्वरूपाचा. एकट्याच्या मालकीला नोंदणीचा त्रास कमी, पण धंद्याचे कर्ज थेट घरावर येते. २००८ च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्व भागीदारी दोघा-तिघा मित्रांना सोयीची. बाहेरचे गुंतवणूकदार येणार असतील तर खासगी मर्यादित कंपनी, जिला किमान दोन भागधारक लागतात आणि जास्तीत जास्त दोनशे चालतात. कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज करून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून अनुदान मिळू शकते, मात्र बँकेची मंजुरी आधी लागते. मित्रांच्या भागीदारीत कुणाचा किती वाटा, कोण पूर्ण वेळ देणार, आणि एखादा मध्येच नोकरीला लागला तर त्याच्या वाट्याचे काय, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून सह्या घ्याव्या लागतात. विद्यार्थ्यांच्या बहुतेक कंपन्या शेवटच्या सत्रात, कॅम्पस मुलाखती सुरू झाल्या की याच मुद्द्यावर मोडतात.