ओल्या बाळंतिणीचं पोट बांधताना

दादरला औषधाच्या दुकानात पोटाचा पट्टा मागितला, की दुकानदार कंबरेचं माप विचारतो आणि एक खोकं पुढे सरकवतो. खोक्यावर सपाट पोटाची हसरी बाई. गिरगाव-लालबागच्या चाळीत हेच काम आजीच्या जुन्या नऊवारी लुगड्यावर भागायचं, आणि सपाट पोटाचं आश्वासन कुणी देत नसे. पोट बांधायचं ते ‘पोटात वारं भरू नये’ म्हणून.

हे ‘वारं’ म्हणजे आजीची कल्पना नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात हाच उपाय आहे: प्रसूतीनंतर पोटाला तूप आणि तेल लावावं आणि मोठ्या स्वच्छ वस्त्राने ते वेढावं. कारणही दिलं आहे. पोटात मोकळी जागा उरली नाही, की वायूला विकार करायला वाव मिळत नाही.

आजच्या भाषेत त्या मोकळ्या जागेचं काय होतं, ते आधी पाहू. बाळ जन्मल्यावर गर्भाशय, म्हणजे बाळ वाढलेली पिशवी, साधारण एक किलो वजनाचं असतं आणि त्याचं टोक बेंबीच्या आसपास हाताला लागतं. रोज सुमारे बोटभर ते खाली उतरतं. दोन आठवड्यांत ओटीपोटाच्या हाडामागे जातं आणि सहा आठवड्यांत जवळजवळ मूळ आकाराला येतं. हे सगळं ते स्वतःच करतं, बाळ अंगावर पिताना तर जास्तच. पाजताना पोटात कळ येते ती त्याचीच. पट्टा यात काही करत नाही. चरबीही वितळवत नाही. ताणून सैल झालेल्या स्नायूंना आणि कंबरेला तो आधार देतो, जसा आपण दुखऱ्या पोटावर आपसूक हात धरतो. तेवढ्यासाठीच आपण बांधणार आहोत, हे पक्कं धरून पुढे जाऊ.

कापडापासून सुरुवात करू. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं सगळ्यात उत्तम. ते नसेल तर सुती पाचवारी किंवा धोतर चालेल. नवं कापड नको, त्याची खळ अंगाला टोचते. नायलॉन किंवा पॉलिएस्टर तर मुळीच नको. मुंबईच्या दमट हवेत दुपारपर्यंत घामोळं उठतं. लुगडं लांबीत दुमडून दीड वीत रुंदीची पट्टी करा. अशी दोन कापडं ठेवा, एक अंगावर आणि एक दोरीवर.

आता कधी बांधायचं. साधी प्रसूती झाली असेल, बाळंतीण उठून लघवीला जाऊन आली असेल आणि अंगावरून जाणं बेताचं असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सैलसर बांधायला हरकत नसते. प्रसूतिगृहातून निघतानाच डॉक्टरांना किंवा सिस्टरना एकदा विचारून घ्या. परळचं नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली सुरू झालं. म्हणजे या भागातल्या बायका जवळजवळ शंभर वर्षं दवाखान्यात बाळंत होऊन, घरी येऊन आजीच्या हातून पोट बांधून घेत आल्या आहेत. दोन्ही एका घरात नांदतं, फक्त एकाने दुसऱ्याला विचारलं पाहिजे.

सिझेरियन झालं असेल तर घाई करू नका. वॉर्डात कधी कधी मऊ पट्टा देतात, त्याने उठताना-चालताना काही जणींना कमी दुखतं. तो डॉक्टर सांगतील तसाच वापरायचा. लुगड्याची बांधणी टाके पूर्ण सुकल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. पोटावरचं मालीशही तोवर बंद. मालीशवाल्या मावशी म्हणतील, ‘हलक्या हाताने करते गं.’ हलक्या हातानेही नको. पाय, पाठ, खांदे चोळू द्या, त्यांचं मनही राहील.

बांधायची वेळ मालीश आणि आंघोळीनंतरची. मोरीतून आल्यावर अंग पूर्ण कोरडं करा, विशेषतः पोटाची खालची घडी. ओल्या कातडीवर बांधलं तर तिथे बुरशी धरते, खाज सुटते. बांधण्याआधी लघवी झालेली असावी. भरलेल्या मूत्राशयावर पट्टा आवळणं म्हणजे नसतं दुखणं ओढवून घेणं.

बाळंतिणीला उताणं झोपवा, गुडघे उभे, पावलं जमिनीवर. पट्टीचा मध्य कंबरेखाली सरकवायचा आहे, त्यासाठी तिने कुल्ले किंचित उचलायचे. उभ्याने बांधलं की पोट आधीच खाली लोंबलेलं असतं आणि आपण ते तसंच बांधून टाकतो. झोपल्यावर ते आपोआप वर आणि आत सरकतं.

पहिला वेढा कुठे घ्यायचा, याकडे नीट लक्ष द्या, कारण बऱ्याच घरांत इथेच चुकतं. हात सहज कंबरेच्या मध्यावर जातो, जिथे परकराची नाडी बांधतो तिथे. तिथे आवळलं की पोटातला सगळा दाब खाली जातो. ज्या स्नायूंच्या झोळीवर गर्भाशय आणि मूत्राशय तोललेलं असतं, ती झोळी बाळंतपणात आधीच ताणलेली असते. वरून दाब पडला की खोकताना लघवी निसटते, खाली जड वाटतं, आणि पुढे जुन्या बायका ज्याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात त्याला हातभार लागतो. म्हणून पहिला वेढा खुब्याच्या हाडांवरून, ओटीपोटाच्या अगदी तळाशी घ्या. पोट खालून वर उचलून धरल्यासारखं वाटलं पाहिजे.

पुढचा प्रत्येक वेढा आधीच्याला अर्धा झाकत वर न्यायचा. बाळंतिणीला सावकाश श्वास सोडायला सांगा आणि त्या श्वासाबरोबर कापड ओढा. खाली घट्टसर, वर जाताना सैल. बरगड्यांच्या खाली थांबा, बरगड्यांवर चढू नका.

शेवटची गाठ कुशीला, आणि सुरगाठ. निरगाठ नको, पाठीवर नको, सेफ्टी पिनही नको. बाळ रडायला लागलं आणि पट्टा सोडायचा असला, तर एका हाताने ओढून सुटली पाहिजे.

आता तपासा. वरच्या कडेतून दोन बोटं सहज आत जातात का? तिला खोल श्वास घेता येतो का? खोकून बघायला सांगा, हसवा. खोकताना खाली दाब आला, तर सोडा आणि पुन्हा, अजून खालून, सैल बांधा. मग कुशीवर वळून, हाताचा टेकू घेऊन उठू द्या. उताण्यावरून सरळ उठून बसली तर पोटाच्या मधल्या स्नायूंवर नको तो ताण येतो.

किती वेळ? सकाळच्या आंघोळीपासून जेवणापर्यंत, आणि झेपलं तर संध्याकाळी पुन्हा दोन तास. जेवताना सोडा, नाहीतर आंबट ढेकर येतात. रात्री झोपताना तर सोडाच. ‘दिवसरात्र बांधलं तरच पोट आत जाईल’ हा सल्ला शेजारून हमखास येतो. चोवीस तास बाहेरून आधार मिळाला, तर आतल्या स्नायूंनी काम कशाला करावं? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून वेळ कमी करत आणा आणि घरातल्या घरात चालणं वाढवा. बाळंतपणानंतर पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, तो चालण्याने कमी होतो. बाजेवर पडून राहण्याने वाढतो.

सव्वा महिन्याचा हिशेब आणि डॉक्टरांची सहा आठवड्यांची तपासणी जवळजवळ एकाच सुमारास येते. पण सव्वा महिना पडून राहायचं तर पाणी भरायला दुसरं कुणी हवं. गिरणगावातल्या बाईला तो सव्वा महिना मिळायचा कुठून? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीच्या सुटीत भत्ता देणारं विधेयक आलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं, आणि १९२९ मध्ये कायदा झाला. आजही पट्टा घेण्याआधी घरात विचारावं, सकाळचा स्वयंपाक कोण करणार.

सहा आठवड्यांनंतर एक गोष्ट घरीच बघता येते. उताणं झोपून गुडघे उभे करा, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवा. पोटाचे दोन उभे स्नायू गरोदरपणात बाजूला सरकलेले असतात, त्यांच्यामधली फट बोटांना लागते. ती दोन बोटांपेक्षा रुंद असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. तिथे पट्टा नाही, व्यायाम लागतो.

शेक-शेगडीबद्दल मात्र कडक राहा. पूर्वी बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवत, वर ओवा-बाळंतशेपांची धुरी. दहा बाय बाराच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आई-बाळ दोघं झोपेतच गुदमरू शकतात. वरून अंगावर लोंबतं कापड, ते पेटायची भीती. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कंबरेला द्या, टाक्यांवर नको. कानाला रुमाल बांधायचा तर बांधा. मे महिन्यात घाम निथळायला लागला की सोडा.

बाळालाही आपण दुपट्यात गुंडाळतोच. हात आत घेतले तरी चालतं, पण पाय सरळ करून आवळू नका. बेडकासारखे दुमडलेले, मोकळे हलू द्या, नाहीतर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. झोपवायचं उताणं, तोंड उघडं.

काही वेळा बांधायचंच नाही, सोडून लगेच दवाखाना गाठायचा. तासाभरात मोठं पॅड भिजतंय, ताप आहे, स्रावाला घाण वास येतोय, एकच पोटरी सुजून दुखतेय, धाप लागतेय, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी येतेय. ‘घट्ट बांधलं की रक्त थांबेल’ असं कुणी म्हणेल. थांबत नाही, आणि वेळ मात्र जातो.

सगळं नीट पार पडलं, की दोन्ही कापडं उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा आणि चौकोनी फाडा. बाळाला आठ-दहा लंगोट होतात, उरलेलं गोधडीत जातं. काठ तेवढे आधी कापून काढा, बाळाच्या मांडीला काचतात.